वाणीच्या राहिलेल्या ओळी

वाणी जाऊन भाद्रपदात वर्ष होणार होतं. श्राद्धाला महिना राहिला तेव्हा माझी थोरली बहीण सरोजाक्का घरी आली आणि वाणीचं कपाट आवरायला बसली. मी ते वर्षभर उघडलं नव्हतं. साड्यांच्या खाली तिला एक वही मिळाली. कुंभेश्वराच्या देवळाबाहेर रामनाम लिहायला चौकटींच्या वह्या मिळतात, त्यातली. समोरासमोरच्या दोन पानांत मिळून एकशे आठ चौकटी.

अशा एका जोडपानातल्या चौकटी सगळ्या भरलेल्या होत्या, बाकी वही कोरी, पण रामनाम कुठेच नव्हतं. प्रत्येक चौकटीत एक ओळ. इंग्रजी अक्षरं, मध्ये अवतरणचिन्ह, कंस, टिंबं, छोट्या आडव्या रेघा. मला इंग्रजी वाचता येतं, पण एकाही ओळीचा अर्थ लागेना. पहिल्या एकाहत्तर चौकटींच्या कोपऱ्यात लाल पेनाने खूण केलेली होती. बहात्तरपासून पुढे खूण नव्हती.

अक्काने वही डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. म्हणाली, मंत्र असणार, बीजाक्षरं अशीच न कळणारी असतात. मी म्हटलं, मंत्र इंग्रजीत कसा असेल? ती म्हणाली, तुला काय कळतंय, तू जन्मभर बसचे नंबर लिहिलेस.

ते खरं आहे. मी एकतीस वर्षं बस स्टँडवर टाइमकीपर होतो. वाणी शिकलेली. आधी पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची, शेवटची सहा वर्षं इथल्याच एका छोट्या कंपनीचं काम घरून करायची. ती कंपनी शेतातल्या पाण्याच्या मोटरींना लावायचा एक डबा बनवते. डबा लावला की शेतकऱ्याला घरात बसून मोबाइलवरून मोटर चालू-बंद करता येते. वाणी काय करते असं कोणी विचारलं तर मी सांगायचो, मोटरी तपासते. त्यापुढचं मी तिला कधी विचारलं नाही.

वही मात्र मला आठवत होती. आंघोळ आणि देवपूजा झाली की ती वही उघडून कॉम्प्युटरपुढे बसायची. ओळ बघून टाइप करायची, थांबायची, खूण करायची. तेवढा वेळ बोलायची नाही. एकदा मी म्हटलं, हे रोज काय चालतं? ती म्हणाली, "व्रत आहे म्हणा. मोटरींना काही होऊ नये म्हणून." आणि हसली. ती का हसली ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. दर आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, ती कॉम्प्युटरला हळदकुंकू लावायची. आम्ही डेपोत नव्या बसच्या चाकाखाली लिंबू ठेवायचो. मग मोटरींसाठी व्रत नसतं असं मी कशावरून म्हणणार?

अक्काने निकाल देऊन टाकला. गेलेल्या माणसाचं अर्धं राहिलेलं व्रत घरच्याने श्राद्धाच्या आत पुरं करायचं. तिच्या सासूबाईंचं सतरा हजार रामनाम राहिलं होतं, ते तिने बोटं सुजेपर्यंत लिहून पुरं केलं होतं. "तुझ्या तर सदतीसच ओळी आहेत," ती म्हणाली. "रड नको."

वहीच्या पहिल्या पानावर वाणीने स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं. भाषा आमची मराठी, अक्षरं तमिळ. पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या मराठी घरांत पुष्कळ जण असंच लिहितात. पान उघडणे. यादीतली प्रयोगाची मोटर घेणे. नावाच्या जागी ओळ घालणे. जतन करणे. काय झालं ते बघून खूण करणे.

तिचा कॉम्प्युटर मी पुसून ठेवत होतो. चालू केला तर पान आपोआप उघडलं, वर तिचं नाव आलं. यादीत प्रयोगाची मोटर होती. मी गुरुवारी सुरुवात केली. देवापुढे दिवा लावून रोज दोन ओळी. एका बोटाने टाइप करायचं, म्हणून एका ओळीला पाच-सात मिनिटं लागायची. चूक होऊ नये म्हणून मी प्रत्येक चिन्ह दोनदा बघायचो. रजिस्टरमध्ये खाडाखोड करायची मला सवय नाही. ओळ घातली की पानावर लाल अक्षरांत यायचं की हे नाव चालणार नाही. मला वाटलं, असंच होत असेल. मी खूण करायचो आणि उठायचो. त्या अर्ध्या तासात वाणी कुठेतरी शेजारी असल्यासारखं वाटायचं. बाकी दिवसभर मी तमिळ बोलतो. घरात मराठी बोलायला आता कोणी नाही.

बाराव्या दिवशी, सोमवारी, चौऱ्याण्णवावी ओळ घातली तर लाल अक्षरं आली नाहीत. पान शांतपणे म्हणालं, जतन झालं. सवयीने मी घड्याळ बघितलं, नऊ चाळीस. मला फार बरं वाटलं. कुठेतरी पोचलं असं वाटलं. मग पंचाण्णवावी घातली, ती पुन्हा लाल झाली. दोन्ही खुणा करून मी न्याहारीला उठलो.

तीन वाजता वाणीचा फोन वाजला. तिचा फोन मी चार्ज करून ठेवतो, का ते विचारू नका. पलीकडे एक मुलगी होती. सौंदर्या नाव सांगितलं, वाणीच्या हाताखाली शिकलेली. तिने आधी विचारलं, हा फोन कोणाकडे आहे? मी सांगितलं, माझ्याकडे, मी हनुमंतराव, तिचा नवरा. तिने माझं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाली की मॅडमच्या खात्यातून गेले बारा दिवस कोणीतरी कंपनीवर हल्ला करतंय, आणि आज सकाळी पट्टीश्वरम्‌ला एका शेतातली मोटर आपोआप चालू झाली. शेतकरी मोटरीपाशीच काम करत होता. हात थोडक्यात वाचला. मालक पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार देणार आहेत. तक्रारीत नाव मॅडमचंच जाणार, कारण यंत्रात तेच आहे.

मी विचारलं, किती वाजता चालू झाली? ती म्हणाली, नऊ चाळीस.

मी वही उघडली. बघायची गरज नव्हती, तरी उघडली. मग तिला विचारलं, उद्या मी तिकडे येऊ का? तिने दहाला यायला सांगितलं.

रात्रभर मला एवढंच कळत होतं की मी काहीतरी केलंय आणि नाव वाणीचं लागणार आहे. काय केलंय ते कळत नव्हतं. व्रताने कोणाचा हात कसा जाईल? आणि ते व्रत नसेल तर ती रोज दिवा लावून हल्ले करत होती का?

मंगळवारी मी साडेदहा वाजून गेल्यावर पोचलो. कंपनी म्हणजे एका मजल्यावरच्या तीन खोल्या. मालक नटराज चाळिशीचा माणूस, समोर तक्रारीचा कागद तयार होता. माझ्या बाजूने उलटा दिसत होता तरी मला पहिल्या ओळीत वाणीचं नाव दिसलं. तो म्हणाला, सार, दहाला बोलावलं होतं. मी म्हटलं, मंगळवारी नऊ ते साडेदहा यमगंड असतं, तसल्या अशुभ वेळी मी घरातून निघत नाही. त्याने घड्याळाकडे बघून मान हलवली. सौंदर्या माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

मी वही टेबलावर ठेवून सांगितलं की ओळी मी घातल्या. नटराजचा विश्वास बसला नाही. त्याने वही चाळली आणि म्हणाला, "तुम्ही? चोवीस ओळी, एक चिन्ह इकडचं तिकडे नाही. सार, माझ्या पोरांनाही या बघून लिहिता येत नाहीत." त्याचं म्हणणं, कोणीतरी जाणकार माणूस वाणीचं खातं वापरतोय आणि मी त्याला पाठीशी घालतोय, किंवा मला ते कळतच नाहीये. मी म्हटलं, समोर टाइप करून दाखवतो. त्याने एक वेगळं पान उघडून दिलं, कुठल्याच मोटरीला न जोडलेलं. मी त्र्याण्णवावी ओळ पुन्हा घातली. ते दोघं माझ्या बोटाकडे बघत बसले. त्याने मध्येच पाणी मागवलं. ओळ अचूक आली, पण तो म्हणाला, बघून तर कोणीही लिहील, याने काय ठरतं?

मला कळेना की केलेलं काम मी केलं हे सिद्ध कसं करायचं.

सौंदर्या आपल्या कॉम्प्युटरकडे गेली होती. तिथून मालकाला म्हणाली, "सार, वेळा बघा." कंपनीच्या यंत्रात प्रत्येक ओळ कधी आली ते लिहिलेलं असतं. तिने वाचून दाखवलं. गुरुवार, सव्वानऊ. शुक्रवार, नऊ वीस. शनिवार, दहा सदतीस. रविवार पुन्हा सव्वानऊ. मधला मंगळवार, दहा छत्तीस. पुढचा शनिवार, दहा सदतीस.

"शनिवारी नऊ ते साडेदहा राहुकाळ," ती म्हणाली. "मंगळवारी यमगंड. हा हल्लेखोर पंचांग बघून येतो."

नटराज हसला. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसायचा थांबला. त्याच्या मागच्या भिंतीवर रोजच्या पानाचं कॅलेंडर होतं, त्यात राहुकाळ छापलेलाच होता. त्याने ते पान बघितलं, जसं काही तिथे वेगळं लिहिलेलं असेल.

मग मला सगळं समजावून सांगायचं काम सौंदर्याकडे आलं. ती म्हणाली, अंकल, पानावर मोटरीचं नाव लिहायची जागा असते. डबा असं धरून चालतो की तिथे नावच येईल. एखाद्याने नावाच्या आडून हुकूम लिहिला तर बावळट डबा तो हुकूमही पाळतो. मॅडम स्वतः चोरासारख्या ओळी लिहून बघायच्या, चोराच्या आधी. आम्ही दाराशी एक पहारेकरी बसवला आहे, म्हणजे एक प्रोग्रॅम. तो अशा ओळी ओळखून परत पाठवतो. लाल अक्षरं आली म्हणजे पहारेकऱ्याने ओळखलं.

मी म्हटलं, आमच्या रजिस्टरमध्ये शेरा लिहायचा रकाना होता. एका ड्रायव्हरने गंमत म्हणून त्यात लिहिलं, मायावरम् गाडी रद्द. नव्या माणसाने ते वाचून माइकवर सांगून टाकलं आणि साठ माणसं घरी गेली. ती म्हणाली, अगदी तेच.

"मग चौऱ्याण्णवावी त्याने का नाही ओळखली?"

सौंदर्याने मालकाकडे बघितलं. तो खिडकीकडे बघत होता. ती म्हणाली, ती आम्हाला माहीतच नव्हती. मॅडम एकाहत्तरपर्यंत आल्या होत्या. पुढच्या ओळी कोणी घालून बघितल्या नाहीत. त्यांचं खातंही बंद केलं नाही. आणि बारा दिवस पहारेकरी इशारे देत होता, पण असे रोज शेकडो येतात, बहुतेक खोटे, म्हणून मी उघडले नाहीत.

नटराज म्हणाला की एकाहत्तर ओळी अडल्या होत्या, माल पाठवायचा होता, आणखी किती दिवस थांबणार. हे त्याने मला सांगितलं की स्वतःला ते कळलं नाही. चौऱ्याण्णवाव्या ओळीचं भोक आता रात्रीतून बुजवलं होतं. तीनशे शेतांतल्या डब्यांना ते होतं.

मी विचारलं, मग आता या कागदावर तिचं नाव कशाला?

तो म्हणाला की आता त्याच्या हातात नाही. पट्टीश्वरम्‌चा शंकरनारायण चिडला आहे. प्रयोगाची मोटर त्याचीच. प्रयोग संपल्यावर तो ती खरोखर वापरायला लागला, पण यादीत नाव तसंच राहिलं. मोटर कोणी चालू केली हे सांगणारा मेसेज शेतकऱ्याला जातो, त्यात वाणी असं आलंय. कंपनीने पोलिसात दिलं नाही तर मी स्वतः देतो, असं शंकरनारायण म्हणाला. त्याला समजावायला सौंदर्याला पाठवतो, तुम्ही नका जाऊ, तो तापट आहे, असं नटराजचं मत पडलं. सौंदर्याने वहीचे फोटो मागितले. मी म्हटलं, आधी त्यांना सांगून येतो, मग वही देतो. वही पिशवीत घालून मी बस स्टँडवर आलो.

पट्टीश्वरम्‌ला उतरून शेत विचारत गेलो. शंकरनारायण साठीचा, अंगावर फक्त पंचा, मोटरीच्या खोलीबाहेर दोऱ्या वळत बसला होता. कंपनीकडून आलात का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं आणि नाही म्हटलं. त्याने उठून मला आत नेलं, उजवा हात मोटरीच्या दांड्यावर ठेवला आणि म्हणाला, हा इथे होता. पाना घ्यायला वळलो आणि फिरायला लागली. मग त्याने कमरेतून फोन काढून मेसेज दाखवला. मोटर चालू. चालू करणार: वाणी.

"अम्मा डबा बसवायला आल्या होत्या," तो म्हणाला. "इथे बसून माझ्या घरचं ताक प्यायल्या. त्यांनी असं का करावं? बाईमाणसाचं नाव पोलिसात द्यायला मला काय आवडतं? पण मोटर चालू करायच्या आधी एक फोन तर करायचा होता."

वाणी गेली हे कंपनीने त्याला सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर मेलेल्या बाईचं खातं चालू कसं, हेही सांगावं लागलं असतं.

मी म्हटलं, "वाणी अकरा महिन्यांपूर्वी गेली. मी तिचा नवरा. मोटर मी चालू केली."

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे, मग पुन्हा माझ्याकडे. बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसला. मीही बसलो. मग मी त्याला सगळं सांगितलं. वही, अक्का, खुणा, शेऱ्याचा रकाना. सांगताना माझ्या लक्षात येत होतं की मलाही ते नीट जुळवता येत नाहीये. त्याने मध्ये एकदाच विचारलं, कशाने गेल्या. मी म्हटलं, डोक्यात रक्तस्राव, सकाळी चहा ठेवला होता, तो उकळून आटला तेव्हा मी आत गेलो.

तो बराच वेळ दोरी वळत राहिला. मला वाटत होतं आता तो शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरंही वाटलं असतं.

"डबा बसवून झाल्यावर अम्मांनी मला एक सांगितलं होतं," तो म्हणाला. "मोबाइलवर बंद दिसलं तरी विश्वास ठेवू नका. मोटरीला हात लावायचा तर आधी फ्यूज काढून खिशात ठेवा. दोनदा सांगितलं. मी काल काढला नाही. हे मी कंपनीला बोललो नाही."

मी म्हटलं, चूक माझीच आहे. तो म्हणाला, तुमची आहेच, कोण नाही म्हणतंय.

मग त्याने वही मागितली. हात पंचाला पुसून घेतली. त्याला त्यातलं काही वाचता येत नव्हतं, तरी त्याने बोट फिरवत फिरवत खुणा संपतात तिथपर्यंत नेलं. अजून किती राहिल्या, असं विचारलं. मी म्हटलं, तेरा.

"त्यात अजून एखादी अशी असली तर?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही.

त्याने नटराजला फोन लावला. त्याचा आवाज मोठा होता, पण शिव्या नव्हत्या. एवढंच म्हणाला की पोलीस नकोत, अम्मांचं नाव कुठल्याही कागदावर घालू नका, घालायचंच असलं तर ती ओळ त्यांनी शोधली असं घाला. आणि राहिलेलं काम माझ्याच मोटरीवर करा, आत्ता करा. पलीकडून काहीतरी बरंच बोलणं आलं. त्याने ते ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडे आता सौंदर्या होती. ती म्हणाली, अंकल, आधी ते फ्यूज काढताहेत ना, ते बघा.

तो काढतच होता. फ्यूज त्याने पंच्याच्या गाठीत बांधला. डब्यात स्वतःची बॅटरी असते, म्हणून त्याचा दिवा चालू राहिला. हिरवा म्हणजे बंद. लाल झाला तर डब्याने हुकूम पाळला, असं सौंदर्याने सांगितलं. ती पान उघडून बसली होती. ओळ मी फोनवर वाचून दाखवायची, ती टाइप करणार.

मी चष्मा पुसला आणि शहाण्णवावी ओळ वाचायला लागलो. एकेक अक्षर, एकेक चिन्ह. अवतरणचिन्ह. मोकळी जागा. उघडता कंस. आडवी रेघ, पुन्हा आडवी रेघ. शंकरनारायण दाराशी उभा होता. मी वाचायला सुरुवात केली तशी त्याने चपला काढून बाजूला सरकवल्या. मला त्याला सांगायचं होतं की हे तसलं काही नाही. पण ते कसलं आहे हे मला तरी कुठे ठाऊक होतं? मी वाचत राहिलो.

ओळ संपली. सौंदर्याने जतन केलं. आम्ही दोघांनी डब्याकडे बघितलं. दिवा हिरवाच होता.

"पहारेकऱ्याने ओळखली," ती म्हणाली. "खूण करा, अंकल. पुढची सांगा."

लाल पेन मी घरी विसरलो होतो. शंकरनारायणने खोलीतल्या फळीवरून पेन्सिलीचा तुकडा शोधून आणला आणि वही माझ्यासमोर धरून उभा राहिला.